पाहुण्यांच्या खात्यातली शिल्लक

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी हरीओमच्या घरी पिकोची मशीन आली.

वरचं वाक्य इतिवृत्तातून वगळण्यात आलं आहे. वाचकांनी ते वाचलं नाही असं समजावं, आणि ज्यांनी वाचलंच असेल त्यांनी निदान हरीओम भेटल्यावर तसं दाखवू नये. त्याच्या दप्तरी अशी कोणतीही मशीन आलेली नाही. ती खिडकीजवळ दिसते, दुपारी तिची घरघर गल्लीच्या तोंडापर्यंत जाते, तिच्यावर चढली म्हणून संस्कृतीला, म्हणजे त्याच्या मुलीला, एकदा धपाटाही बसला आहे. पण कागदावर ती नाही. आणि हरीओम ज्या सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत कनिष्ठ लिपिक आहे तिथं माणूस पहिल्या आठवड्यात हेच शिकतो की कागदावर नाही ते नाही. चहा कुठं मिळतो हे दुसऱ्या आठवड्यात.

तेव्हा मशीन नाही असं धरून चालू.

संक्रांतीच्या सुमारास मंजुषानं, म्हणजे हरीओमच्या बायकोनं, विषय काढला. गल्लीतल्या बायका तिच्याकडे साड्यांना फॉल लावायला देत. पण साडीच्या सुट्या कडांना मशीनवर पिको करायचा तर मंजुषालाच ती साडी घेऊन बाजारात जावं लागे, आणि मिळालेल्या मजुरीतला बराचसा भाग तिथल्या मशीनवाल्याला देऊन परत यावं लागे. एक जुनी मशीन घेतली तर मजुरी घरात राहील, असं तिचं साधं म्हणणं होतं. हरीओम नाही म्हणाला नाही. लेखा शाखेतला माणूस कधीच नाही म्हणत नाही. तो म्हणतो, तरतूद नाही. नाही म्हटलं की समोरचा रागावून जातो. तरतूद नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. मंजुषा दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, म्हणजे होती घरातच, पण आली. तेव्हा हरीओम म्हणाला की आपण सगळ्या घराचं मिळून बजेट करू आणि दर महिन्याला उरेल ते मशीनसाठी बाजूला ठेवू. मंजुषाला बरं वाटलं. तिनं एक स्टीलचा डबा मोकळा केला आणि फॉलच्या मजुरीचे पैसे त्यात टाकायला सुरुवातही केली. मग हरीओमनं सांगितलं की आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होतं. मंजुषा एप्रिलपर्यंत थांबली.

मधल्या काळात गल्लीला बजेटची कुणकुण लागली आणि सल्ले सुरू झाले. कुणी सांगितलं, मोबाइलमध्ये ॲप येतं, ते खर्च केला की टुंग वाजतं. कुणी म्हणालं की सोनं घ्या, खर्चच होत नाही. शेजारचे शफीकभाई गाद्या-रजया भरतात, ते कापूस पिंजता पिंजता म्हणाले, "हरीभाऊ, पगार झाला का पह्यले मशीन घेऊन टाका. मंग जे बचंल त्याच्यात महिना काढा. महिना कसाबी निघते." हरीओमनं त्यांना समजावलं की हे वित्तीय शिस्तीच्या मूलतत्त्वांच्या विरुद्ध आहे. शफीकभाईंनी मान डोलावली आणि पुन्हा कापूस पिंजायला घेतला. सल्ला अगदी बरोबर होता, पण तोंडी होता. लेखी दिला असता तर हरीओमनं त्यावर नक्की विचार केला असता, निदान आवक क्रमांक तरी टाकला असता.

एक एप्रिलला संध्याकाळी बैठक झाली. हरीओमचे वडील जगदेव खाटेवर, आई तुळसाबाई तुरीची डाळ निवडत खाली, संस्कृती मध्येच, आणि मंजुषा स्वयंपाकघराच्या दारात, कारण गॅसवर भाजी होती. हरीओमनं उभं राहून खाती वाचून दाखवली. दूध, किराणा, वीज, औषधं, शाळा, देवधर्म, पाहुणे, किरकोळ. जगदेवच्या तंबाखूला त्यानं ज्येष्ठ नागरिक कल्याण असं नाव दिलं होतं, ते ऐकून जगदेवनी चंची खिशात घालून घेतली आणि सरळ होऊन बसले. मग नियम. एका खात्याचा पैसा दुसऱ्या खात्याला लावायचा नाही. मोठ्या खर्चाला तीन दुकानांची दरपत्रकं हवीत. आणि शेवटचा नियम, जो हरीओमनं कार्यालयाच्या परिपत्रकातून सवयीनं उतरवला होता: महिनाअखेर अखर्चित राहिलेला निधी व्यपगत होईल.

हरीओमच्या मनात याच्यापुढं आणखी एक वाक्य होतं, की हा निधी मशीनच्या डब्यात जाईल. ते लिहायचं राहिलं. कार्यालयातल्या परिपत्रकात पुढचं वाक्य नसतं.

तुळसाबाईंनी विचारलं की व्यपगत म्हणजे काय. हरीओम सांगणार तेवढ्यात जगदेवनी सांगितलं. जगदेव एकेकाळी गावच्या ग्रामपंचायतीत सदस्य होते आणि त्या एका कारकिर्दीवर त्यांचा उरलेला जन्म आरामात चालला होता. "लॅप्स," ते म्हणाले. "पैसा टायमावर खर्च नाई केला तं वापस जाते. अन् पुढच्या सालाले तेवढाबी भेटत नाई." मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं की त्यांच्या वेळी मार्चच्या शेवटच्या दिवशी निधी लॅप्स होऊन राहिला होता तेव्हा एका दिवसात रस्ता कसा केला, आणि तो कुठं जातो हे नंतर कसं ठरवलं. तुळसाबाईंनी डाळ निवडायची थांबवून हे ऐकलं. वडिलांना विषयाची एवढी जाण आहे हे पाहून हरीओमला अभिमान वाटला. बैठक संपली.

पहिले दिवस चांगले गेले. मग मिक्सर बिघडला. दुरुस्तीला तीन दरपत्रकं हवी होती आणि वाशीम जिल्ह्यातल्या त्यांच्या मालेगावात मिक्सर दुरुस्त करणारे दोनच. तिसऱ्यासाठी वाशीमला जायचं तर जाण्यायेण्याचं भाडं दुरुस्तीपेक्षा जास्त होत होतं, शिवाय प्रवास हे खातं नव्हतं. चटणी खलबत्त्यात आली. संस्कृतीनं नवी पेन्सिल मागितली तेव्हा हरीओमनं जुनी पेन्सिल निरुपयोगी झाल्याबद्दल दोन जणांच्या सह्या आणायला सांगितलं. तिनं आजीची सही घेतली आणि दुसरी स्वतःच केली. मंजुषानं जिरं मागितलं तेव्हा ते किराण्यात, की पोटासाठी घेतोय म्हणून औषधांत, यावर हरीओमला थोडा वेळ विचार करावा लागला. मंजुषा त्या वेळात शेजारून जिरं घेऊन आली.

तिसऱ्या आठवड्यात दुधाचं खातं संपलं.

काळा चहा सुरू झाला. तुळसाबाईंनी तो औषधासारखा घेतला. जगदेवनी दोन घोट घेतले, कप खाली ठेवला, आणि पाहुण्यांच्या खात्यात काय आहे असं विचारलं. हरीओम म्हणाला की ते भरलेलं आहे, कारण या महिन्यात कोणी आलंच नाही, पण नियमाप्रमाणे ते घरच्या माणसांना लागू नाही. जगदेव उठले. आत जाऊन त्यांनी धुतलेली टोपी घातली, पिशवी घेतली आणि घराबाहेर गेले. थोड्या वेळानं बाहेरून कडी वाजली.

"राम राम," जगदेव दारात उभे होते. "हायेत का घरी? मालेगावात जरा काम होतं. म्हटलं आलोच हाओत तं भेटून जावं."

मंजुषानं एक क्षण सासऱ्यांकडं पाहिलं. मग तिनं डोक्यावर पदर घेतला, त्यांना पाणी दिलं, पाय धुवायला सांगितलं, आणि पाहुण्यांच्या खात्यातून दूध आणवून आल्याचा घट्ट चहा केला. जगदेवनी तो बशीत ओतून घेतला, पीकपाण्याची चौकशी केली, नातीच्या अभ्यासाबद्दल समाधान व्यक्त केलं आणि नाही नाही म्हणत आणखी अर्धा कप घेतला. हरीओम नियम शोधत होता. पाहुणा कोणाला म्हणावं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यानं शुद्धिपत्रक काढलं की ज्याचं नाव या घराच्या रेशनकार्डावर नाही तोच पाहुणा.

इथं गोष्ट हाताबाहेर गेली. कारण महिना संपत आला होता, पाहुण्यांचं खातं अजूनही भरलेलं होतं, आणि तुळसाबाईंना ते लॅप्स होताना पाहवत नव्हतं. त्यांनी रिसोडला आपल्या बहिणीला, गोजराबाईला, फोन लावला. त्या जे बोलल्या त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या की घरी दुधाला पैसे नाहीत, काळा चहा पिऊन राहिलो, मिक्सर बंद आहे, पोरीला पेन्सिल मिळत नाही, हरी दिवसभर कागद पाहात बसतो, पण तू ये, तुझ्यासाठी वेगळे पैसे ठेवले आहेत, तीस तारखेच्या आत ये.

गोजरामावशी तीस तारखेला दुपारच्या बसनं आल्या. सोबत नवरा, दोन्ही सुना, ज्वारीच्या पिठाची गोणी, तुरीची डाळ, तेलाचा डबा आणि कांदे. हरीओमनं दार उघडलं. मावशींनी सामान खाली ठेवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि सुनांना नजरेनंच सांगितलं की पोरगा वाळला आहे.

"घाबरू नको बाबू," त्या म्हणाल्या. "सस्पेंड तं मोठमोठे होतेत."

हरीओमनं सांगितलं की तो सस्पेंड झालेला नाही. मावशी म्हणाल्या, होय न बाप्पा, कोण म्हणते. दुसऱ्या दिवशी एक मे होता, म्हणून तो कार्यालयात गेला नाही. मावशींच्या यजमानांनी आणि जगदेवनी एकमेकांकडं पाहिलं. हरीओमनं कॅलेंडर काढून महाराष्ट्र दिनाचा लाल आकडा दाखवला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता, तिसऱ्या दिवशी रविवार. आठवडा पाच दिवसांचा असतो हे त्यानं समजावून पाहिलं, पण दाढी न केलेल्या माणसानं दुपारी घरात बसून हे सांगितलं की कोणाला पटत नाही. कूलरसमोर बसून मावशींचे यजमान रिसोडमधल्या नोकरी जाऊनही चांगलं चाललेल्या लोकांची नावं सांगत राहिले. आमरस झाला, पुन्हा झाला. मे महिन्याचं पाहुण्यांचं खातं मे सुरू होताच संपलं. शनिवारी संध्याकाळी कामरगावहून मंजुषाच्या भावाचा फोन आला. तो आडून आडून विचारत होता की भाऊजींना दुकानात हिशेब पाहायला आवडेल का, नुसतं मन रमवायला.

फोन ठेवल्यावर हरीओम बराच वेळ चपलांच्या रांगेकडं पाहात बसला. कार्यालयात त्याला साहेब बोलले होते, लेखापरीक्षणवाले बोलले होते, ते सगळं त्यानं पचवलं होतं. पण कीव ही गोष्ट त्याच्या एकाही खात्यात बसत नव्हती.

रविवारी सकाळी सगळ्या बायका आंब्याच्या बाठ्या पिळत असताना तो उठला, फडताळावरचा मशीनचा डबा खाली घेतला, मंजुषाची संक्रांतीपासूनची फॉलची मजुरी आणि त्यात त्यानं टाकलेली थोडी भर खिशात घातली आणि बाजारात गेला. जाणाऱ्या पाहुणीला रिकामं पाठवायचं नसतं हे खरंच आहे, पण चांगल्या ब्लाऊजपीसनंही भागलं असतं. तो तीन भारी साड्या घेऊन आला, आणि मावशींच्या यजमानांना टोपी-टॉवेल. कागदावर त्यानं पुनर्विनियोजन असं लिहिलं, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्याला, आणि खाली सही केली. ज्यांचा पैसा त्यांची सही लागत नाही. कार्यालयातही लागत नाही.

मंजुषानं पाहुण्यांना कुंकू लावलं, साड्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या, आणि साड्या पाहताच तिला सगळं कळलं. तिचा हात हळदीच्या वाटीवर जरासा थांबला, बाकी काही झालं नाही. मावशींनी पोत बोटांनी चाचपला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कर्ज काहाडून कायले आणल्या रे बाबू?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तिन्ही साड्या मंजुषाकडं परत दिल्या. फॉल-पिको करून ठेव, पुढल्या खेपेला नेऊ. आणि संस्कृतीच्या मुठीत पाहुण्यांनी एकेक करून नोटा कोंबल्या, बापाला दाखवू नको म्हणून सांगितलं, आणि सगळे बसस्टँडकडं निघाले.

घर एकदम मोठं झालं. मंजुषा खिडकीजवळ उजेडात बसून पहिल्या साडीला हातानं फॉल लावू लागली. हरीओम थोडा वेळ कूलरमध्ये पाणी भरत राहिला, भरलेलं असूनही. मग तिच्यासमोर येऊन बसला आणि सुईत दोरा ओवून देऊ का विचारलं. तिनं सुई दिली. त्याला ते जमलं नाही. त्यानं सुई परत दिली.

"आवो, एक इच्यारू?" ती म्हणाली. "तुमच्या बजेटात बाबायची तंबाखू हाये, सासूबाईचा देवधर्म हाये, संस्कृतीची शाळा हाये. मी कशात हाओ?"

हरीओमनं विचार केला. "तू म्हणजे... किरकोळमध्ये असशील."

"किरकोळमंदी गॅसची नळी अन् झाडू हाये. मी पाह्यलं." तिनं टाका घातला. "माह्यावर काई खर्चच नाई. म्हणजे मी शिल्लक. अन् शिल्लक तुमच्या नियमानं लॅप्स होते."

ती रागावून बोलली असती तर हरीओमला उत्तर सापडलं असतं. ती हिशेब सांगावा तशी बोलली, आणि हिशेब बरोबर होता. त्याची सगळी नोकरी इतरांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात गेली होती. इथं काढायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत त्यानं मे महिन्याच्या कागदावर नवं खातं लिहिलं: मंजुषा. पुढं रकमेची जागा. वडिलांची तंबाखू कोणती, आईच्या रक्तदाबाची गोळी कितीची, संस्कृतीला कोणत्या रंगाचं खोडरबर आवडतं, हे त्याला पाठ होतं. मंजुषाच्या पुढं काय लिहावं हे त्याला येईना. घरी येऊन त्यानं आईला विचारलं, तिला काय आवडतं. तुळसाबाई म्हणाल्या, आपण करतो ते खाते बिचारी. संस्कृती म्हणाली, आईनं कधी सांगितलंच नाही. शेवटी त्यानं मंजुषालाच विचारलं. ती म्हणाली, विचार करून लेखी देते. जागा कोरी राहिली.

मे पुढं सरकला. साड्या घेऊन मंजुषा बाजारात गेली आणि पिको करून आणल्या. त्या दिवशी मशीनच्या डब्यातल्या पैशांनी घेतलेल्या साड्यांसाठी तिनं मशीनवाल्याला आपल्या पदरचे पैसे दिले, हे हरीओमनं कागदावर लिहायचा प्रयत्न केला, पण ते कोणत्याच रकान्यात मावलं नाही. एक गोष्ट मात्र विचित्र घडत होती. पैसे उरत होते. मावशींनी कणव येऊन आणलेलं पीठ, डाळ, तेल महिनाभर पुरलं आणि किराण्याचं खातं जवळजवळ अख्खं राहिलं. जगदेव रोज सकाळी पिशवी घेऊन शफीकभाईंकडं पाहुणे म्हणून जात होते, कारण त्यांच्या रेशनकार्डावर जगदेवचं नाव नव्हतं, त्यामुळं दूधही वाचलं.

एकतीस तारीख रविवारी आली. सकाळपासून जगदेव अस्वस्थ होते. त्यांनी तुळसाबाईंना बोलावलं, संस्कृतीला बोलावलं, खाटेवर रुमाल पसरला.

"संध्याकाळपावतर खर्च नाई झाला तं सगळं लॅप्स हाये," ते म्हणाले. "काहाडा."

रुमालावर किराण्याचे पैसे आले, दुधाचे आले, देवधर्मातून तुळसाबाईंनी देवाची परवानगी घेऊन काही काढले, जगदेवनी आपल्या कल्याणातले काढले, आणि संस्कृतीनं कंपासपेटीतून पाहुण्यांच्या नोटा काढल्या, ज्यांची हरीओमच्या दप्तरी नोंदच नव्हती. जगदेवनी रुमालाची गाठ मारली आणि भिंतीवरून शफीकभाईंना हाक दिली. शफीकभाईंचा साळा वाशीमला जुन्या शिलाई मशीनी विकतो. दुपारी तो लोडिंग रिक्षातून पिकोची मशीन घेऊन आला. थोडे कमी पडले. शफीकभाई म्हणाले, "देता येतील. महिना कसाबी निघते."

हरीओम दारात उभा होता. "बाबा, दरपत्रकं?" तो म्हणाला.

"लॅप्स होऊन राह्यल्यावर दरपत्रक कोणी पाहते का बे?" जगदेव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एका दिवसात रस्ता करणाऱ्या माणसाचं तेज होतं.

व्यपगतचा अर्थ तो नव्हता, नियमाचं अर्धं वाक्य लिहायचं राहिलं होतं, हे सांगायची वेळ हीच होती. हरीओमनं तोंड उघडलं. मंजुषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओल्या हातांनी, आणि मशीनकडं नव्हे तर सासऱ्यांच्या हातातल्या रिकाम्या रुमालाकडं पाहात होती.

"जरा खिडकीकडं सरकवा," हरीओम म्हणाला. "तिकडं उजेड आहे."

तर अशी ती मशीन, जी आलेली नाही. तरतूद नव्हती, दरपत्रकं नव्हती, मंजुरी नव्हती. कागदावर आणायची तर झालेल्या कामाला मागाहून मान्यता, म्हणजे कार्योत्तर मंजुरी, घ्यावी लागते आणि त्यासाठी अर्ज लागतो. अर्ज कर, असं हरीओमनं मंजुषाला सांगितलं. नियमाचं अर्धं वाक्य त्यानं अजून पूर्ण केलेलं नाही.

पुढल्या रविवारी दुपारी त्याच्या चहाच्या बशीखाली घडी घातलेला कागद होता. मशीन चालू होती. हरीओमनं कागद उघडला, आणि त्यावर शेरा मारायला लागेल म्हणून आधी पेन शोधलं. पेन सापडलं नाही.

"मंजुषा, पेन कुठं ठेवलं?"

मशीन थांबली. "टीव्हीमांगं हाये." मशीन सुरू झाली. मग जगदेवनी चष्म्याबद्दल विचारलं, मशीन थांबली, चष्मा त्यांच्या कपाळावर निघाला, मशीन सुरू झाली. मग संस्कृतीनं हेअरबँडबद्दल विचारलं. मशीन थांबली. हरीओम पेन घेऊन बसला आणि वाचू लागला.

प्रति,
मा. अध्यक्ष, घरगुती अर्थसंकल्प समिती, मालेगाव.

विषय: 'मंजुषा' या लेखाशीर्षाखाली तरतूद करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मशीन आलेलीच नसल्याने तिला कार्योत्तर मंजुरीची आवश्यकता भासत नाही. तथापि सदर शीर्षाखाली किती रक्कम दर्शवावी अशी विचारणा आपण केली होती. रक्कम निरंक दर्शवावी. त्याऐवजी, मशीन सुरू असेल तेवढा वेळ, कोणतीही वस्तू कुठे ठेवली आहे हे घरातील कोणत्याही सदस्याने अर्जदारास विचारू नये, असे आदेश तात्काळ निर्गमित व्हावेत; आणि एखाद्या दिवशी सदर वेळ वापरला न गेल्यास तो व्यपगत न करता दुसऱ्या दिवशीच्या वेळेत जमा करण्यात यावा, ही विनंती.